६५ आला कुठून?

माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आत्ता-आत्तापर्यंत एक जाड पुस्तक होतं. पुठ्ठा सुटलाय, पाठीवर खाकी कागदाची पट्टी डकवली आहे आणि शेवटच्या पानामागे सीडीचं रिकामं पाकीट तेवढं उरलंय. त्यातल्या आयएसडीएनच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून डेटा पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, प्रकरणात जवळपास प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे, समासात मराठीत टिपणं आहेत. दोन बी चॅनेल, प्रत्येकी ६४ केबीपीएस. एक डी चॅनेल, १६ केबीपीएस. आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. २००९ च्या उन्हाळ्यात मी त्या प्रकरणावर तीन आठवडे घालवले. ज्या परीक्षेसाठी घालवले, त्या सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेतून आयएसडीएन दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं.

मध्यंतरी ताईचा धाकटा मुलगा पुण्याला आला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. जेवताना म्हणाला, "मामा, सीसीएनए करायचं ठरवलंय. पुस्तक कुठलं घेऊ, तेवढं सांगा." हा प्रश्न मला ऑफिसात नवीन आलेली मुलं नेहमी विचारतात आणि मी एखादं नाव सांगून मोकळा होतो. त्या रात्री मात्र मी उठलो, कप्पा उघडला आणि ते सुटलेलं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

बार्शीहून पुण्याला आलो तेव्हा मी नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. काम कॉम्प्युटर सपोर्टचं: विंडोज टाकायची, प्रिंटर जोडायचा, नेटवर्कच्या केबलला आरजे-४५ क्रिंप करायचे. एकदा एका ऑफिसात नेटवर्क बंद पडलं आणि वेंडरचा एक माणूस आला. त्यानं रॅकमधल्या स्विचला निळी चपटी केबल लावली, लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी टाइप केल्या आणि अख्खा मजला परत चालू झाला. त्याला मी विचारलं, हे कुठं शिकवतात? तो म्हणाला, "सीसीएनए कर." त्याच रविवारी मी अप्पा बळवंत चौकात गेलो.

जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मला ते साडेतीनशे रुपयांत मिळालं. वर सीसीएनए लिहिलेलं होतं, जाडी भरपूर होती आणि आधीच्या मालकानं ते जपून वापरलं होतं. त्या नावाच्या खाली बारीक अक्षरात एक आकडाही होता, ६४०-८०१. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता आणि विचारावं असं सुचलंही नाही. तो परीक्षेचा नंबर असतो. सीसीएनए हे नाव १९९८ पासून तेच आहे, पण त्या नावाखालची परीक्षा दर काही वर्षांनी बदलते आणि बदलली की नंबर बदलतो. २००७ मध्ये ६४०-८०२ आली. आयएसडीएन गेलं, आयजीआरपी हा रूटिंग प्रोटोकॉल (राउटरनं मार्ग ठरवायचे नियम) गेला; वायरलेस आलं, पत्त्यांची नवी पद्धत आयपीव्ही ६ आली. त्यातही ज्यांना एकदम जमत नाही त्यांच्यासाठी तीच परीक्षा दोन तुकड्यांत, ६४०-८२२ आणि ६४०-८१६. त्यामुळे दुकानात तीन वेगवेगळ्या नंबरांची पुस्तकं शेजारी शेजारी असायची आणि तिन्ही बरोबर असायची. माझ्या हातातलं चौथं होतं.

म्हणून भाच्याला पहिल्यांदा नंबर दाखवला. आजची परीक्षा २००-३०१. ती २४ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. तिच्याबरोबर आरआयपी आणि ईआयजीआरपी अभ्यासक्रमातून गेले, रूटिंग प्रोटोकॉलमध्ये कॉन्फिगर करण्यापुरता एकट्या ओएसपीएफचा एक एरिया राहिला आणि ऑटोमेशन आत आलं. पण इथं एक खाचखळगा आहे आणि त्यात हुशार मुलंही पडतात. २० ऑगस्ट २०२४ पासून हीच परीक्षा १.१ या आवृत्तीची झाली. नंबर तोच, २००-३०१. आतून मात्र पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनची साधनं गेली, टेराफॉर्म आलं, एआयवरचे मुद्दे आले. म्हणजे नंबर जुळला म्हणून पुस्तक बरोबर, असं आता म्हणता येत नाही. छापल्याचं सालही बघायला हवं. जुन्या बाजारात २०१९-२० ची प्रत निम्म्या किमतीला मिळत असेल तर ती वाईट नाही, नव्वद टक्के मजकूर तोच आहे असं मी म्हणेन, पण राहिलेलं कुठून वाचायचं ते आधी ठरवून मगच घ्यावी.

आणि पुस्तकाच्याही आधी एक कागद घ्यायचा. सिस्कोच्या साइटवर परीक्षेच्या विषयांची यादी फुकट आहे. सहा भाग: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५, ऑटोमेशन १०. बहुतेक जण हे टक्के पाहतात आणि कागद ठेवून देतात. मी भाच्याला टक्के झाकायला सांगितलं आणि प्रत्येक ओळीतलं क्रियापद वाचायला लावलं. काही ठिकाणी 'वर्णन करा' आहे, काही ठिकाणी 'तुलना करा', आणि काही ठिकाणी 'कॉन्फिगर करा व पडताळा'. ओएसपीएफसमोर कॉन्फिगर आणि पडताळा आहे. रूटिंग टेबल, म्हणजे राउटरकडची मार्गांची यादी, तिच्यासमोर 'अर्थ लावा' आहे. हे क्रियापदच सांगतं की पुस्तकानं तुला कुठवर न्यायला पाहिजे. जिथं 'कॉन्फिगर' लिहिलंय तिथं पुस्तकात नुसते परिच्छेद असतील, कमांड टाकल्यावर पडद्यावर काय येतं ते छापलेलंच नसेल, तर ते पुस्तक त्या कामाचं नाही, मग लेखक कितीही मोठा असो.

याच कारणासाठी कॉलेजातलं टॅननबॉमचं कॉम्प्युटर नेटवर्क्सचं पुस्तक यासाठी पुरत नाही. पुस्तक उत्तम आहे, माझ्या कपाटात आहे, पण त्यातून स्विचवर व्हीएलएएन (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) कसा टाकायचा ते कळत नाही. ते त्याचं काम नाहीच.

आता खरी गोष्ट सांगतो, त्या ६५ ची.

पुस्तक चुकलं हे कळल्यावर मी एका क्लासला नाव घातलं. तिथं एक दिवस फळ्यावर रूटिंग टेबल दाखवणाऱ्या 'शो आयपी रूट' या कमांडचं उत्तर लिहिलं होतं. एक ओळ अशी होती: सुरुवातीला ओ, मग १०.१.२.०, आणि पुढे चौकटी कंसात ११०/६५. ओ म्हणजे ओएसपीएफ, हे सांगितलं. ११० म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, ओएसपीएफचा ११० असतो, आरआयपीचा १२०, ईआयजीआरपीचा ९०, हाताने घातलेल्या रूटचा १. जितका कमी तितका राउटरचा विश्वास जास्त. हेही सांगितलं. मी हात वर केला. ६५ आला कुठून? "ती मेट्रिक असते, लक्षात ठेवा," असं उत्तर मिळालं आणि पुढची ओळ सुरू झाली.

त्या क्लासमध्ये शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना प्रश्नोत्तरांची एक फाइल मिळाली. तिला डम्प म्हणतात. परीक्षेत येणारे प्रश्न म्हणून ते पाठ करायचे. सगळ्यांनी केले, मीही केले. परीक्षेला बसलो. सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, आणि मध्येच पडद्यावर एक राउटर उभा राहतो, त्यात स्वतः कमांड टाकायच्या असतात. माझ्यासमोर रूटिंग टेबल आलं, दोन मार्ग होते आणि कुठला का निवडला ते विचारलं होतं. फाइलमधल्या आकृतीपेक्षा ते वेगळं होतं. मी नापास झालो. ती फी मी चार महिने साठवली होती. खोलीवर येऊन घरी फोन केला नाही, दोन दिवस मेसमध्येही गेलो नाही. आज ही परीक्षा ३०० डॉलर आणि वर कर एवढी महाग आहे. डम्प देणारा माणूस तेवढी रक्कम दुसऱ्याच्या मुलाची पणाला लावतो, हे मला अजूनही सहन होत नाही.

नंतर एका मित्रानं वेंडेल ओडम या लेखकाच्या सीसीएनएच्या दोन खंडांतला दुसरा खंड वाचायला दिला. भारतीय आवृत्ती, पातळ कागद, पलीकडची छपाई अलीकडे दिसणारी. त्यात ओएसपीएफच्या प्रकरणात ते सापडलं. ओएसपीएफ प्रत्येक लिंकला एक किंमत देतो, कॉस्ट. ती काढायची रीत साधी: १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगानं भागायचं. राउटरची सिरियल लिंक १.५४४ एमबीपीएसची धरलेली असते. भागाकार ६४ आणि काही दशांश, दशांश सोडून द्यायचे, ६४. तिच्या पलीकडच्या राउटरचं फास्ट इथरनेट १०० एमबीपीएस, भागाकार १. चौसष्ट अधिक एक.

पासष्ट.

मी मेसच्या बाकावर बसून ते तीनदा करून पाहिलं. मला आठवतंय, समोर आमटी निवत होती. फळ्यावरची ती ओळ माझ्यासाठी पाठ करायची गोष्ट राहिली नाही. राउटरनं केलेला हिशेब माझ्याही हाताने होत होता. त्या दिवसापासून पुस्तक निवडताना मी दुसरं काही बघत नाही. त्यात छापलेला आकडा कुठून आला, हे ते पुस्तक सांगतं का? दुकानात उभं राहून हे तपासता येतं. रूटिंग टेबलचं पान काढायचं आणि त्या कंसावर बोट ठेवायचं. पुढच्या-मागच्या पानांत त्याचा हिशेब असेल तर पुस्तक घ्यावं.

भाच्यानं विचारलं, "मग ओडमच ना? टॉड लॅमलचं सगळे सोपं म्हणतात." दोघांची पुस्तकं मी वाचली आहेत आणि दोघांचा मी ऋणी आहे. लॅमल समोर बसून बोलल्यासारखा लिहितो. वाक्यं छोटी, धीर देणारी. सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं, त्याच्याकडून शिकावं. त्याची ब्लॉकची रीत एकदा हातात बसली की कागद लागत नाही. १९२.१६८.१०.७७, स्लॅश २६. मास्कचा शेवटचा आकडा १९२. २५६ मधून १९२ गेले, ६४. म्हणजे चौसष्ट-चौसष्टचे गठ्ठे: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ च्या गठ्ठ्यात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मधले ६५ ते १२६ वापरायचे, एकूण ६२. भाच्यानं हे वहीवर केलं आणि दुसरं उदाहरण तोंडी सांगितलं.

ओडम याच्या उलट. तो घाई करत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'हे तुला आधीच येतं का' अशी छोटी चाचणी असते आणि मग एक पायरी, दुसरी पायरी. कधी कधी इतकं सावकाश की वाचता वाचता डोळा लागतो. पण जिथं आकडा आहे तिथं हिशेब आहे. माझं मत असं की मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं सुरुवात लॅमलच्या भाषेत केली तरी चालेल, शेवट ओडमपाशी व्हावा. दोन्ही विकत घ्यायची गरज नाही. एक विकत, एक मागून आणून. तिसरं कुणाचंही नको. दोन पुस्तकं अर्धी-अर्धी वाचून तिसरं आणणारी मुलं मी बघतो. दर वेळी पहिली पाच प्रकरणंच त्यांची पक्की होतात.

मराठी माध्यमाचं निघालं म्हणून थोडं त्याबद्दल, कारण पुस्तक निवडताना ही अडचण कोणी मोजत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला हजार पानांचं इंग्रजी पुस्तक उघडल्यावर जी धडधड होते, ती मला माहीत आहे. शब्द कळतात, वाक्यही कळतं, पान संपल्यावर हाती काही लागत नाही. मी एक उपाय केला होता आणि तो त्या सुटलेल्या पुस्तकाच्या समासात अजून दिसतो. प्रत्येक पान वाचून झालं की मी ते मराठीत लिहायचो. भाषांतर करायचं नाही, आपल्या गावात ही गोष्ट कशी घडली असती ते लिहायचं.

एआरपीच्या, म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक पत्ता शोधण्याच्या, पानावर असं लिहिलंय: पोस्टमन वाड्याच्या चौकात उभा राहून ओरडतो, देशमुख कोण, खोली कुठली? सगळी बिऱ्हाडं ऐकतात, उत्तर एकटे देशमुख देतात. पोस्टमन वहीत खोली लिहून ठेवतो, पुढच्या खेपेला ओरडत नाही. खाली वेगळ्या पेनानं, बहुधा काही दिवसांनी लिहिलेलं: हाक वेशीबाहेर जात नाही. माणूस दुसऱ्या गावचा असेल तर त्याच्या घराची चौकशी इथं करून उपयोग नाही, वेस कुठं आहे ते विचारायचं. वेस म्हणजे डिफॉल्ट गेटवे.

हे दुसरं टिपण लिहिलं तेव्हा मला एआरपी कळलं होतं. पाकिटावरचं नाव शेवटपर्यंत तेच राहतं, पण ते कोणाच्या हातात द्यायचं ते प्रत्येक वेशीवर बदलतं. आयपी पत्ता तोच, मॅक पत्ता दर टप्प्याला नवा. परीक्षेत हे वेगवेगळ्या आकृत्या काढून विचारतात आणि पाठ केलेला माणूस तिथंच अडकतो, कारण आकृती बदलते. ज्या पुस्तकातलं पान वाचून तुम्हाला असं काही स्वतःचं लिहिता येतं, ते तुमच्या भाषेच्या पट्टीतलं पुस्तक. पान वाचून नुसती मान डोलत असेल आणि लिहायला काही सुचत नसेल, तर दुसऱ्या लेखकाचं तेच प्रकरण उघडून बघावं. यात कमीपणा काही नाही.

पीडीएफबद्दल भाच्यानं विचारलं नाही, पण त्याच्या मोबाइलवर दोन होत्या. मी एवढंच म्हटलं की समास नसलेल्या पुस्तकात तू लिहिणार कुठं?

लॅबचं वेगळं सांगायला नको. पॅकेट ट्रेसर हे पडद्यावर नेटवर्क मांडायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. आम्ही एका जुन्या २९५० स्विचसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जाऊन आलो होतो. आता प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, तीन राउटर मांडायचे आणि न बघता पिंग मारून दाखवायचं. बघावं लागलं, तर ते प्रकरण अजून संपलेलं नाही.

दुसऱ्या वेळी मी पास झालो. गुण काही फार नव्हते. पण त्यानंतर चार वर्षांनी चाकणच्या एका कारखान्यात रात्री अकरा वाजता दोन राउटर एकमेकांशी बोलेनात. ओएसपीएफचा शेजारी दिसत होता, पण एक्सस्टार्ट या पायरीवर अडकून बसायचा, पुढे सरकायचा नाही. पिंग जात होता. केबल बदलून झाली होती, राउटर बंद-चालू करून झाले होते. सकाळची पाळी सहाला सुरू होणार होती. मला एका पानाचा उजवा कोपरा आठवला, जिथं मी लिहिलं होतं: दोघांचं जमतं, पण एकाचं दार लहान. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पाकिटाचा सगळ्यात मोठा आकार. मी दोन्हीकडे बघितलं, एकीकडे १५००, एकीकडे १४००. सारखे केले आणि काही सेकंदांत शेजार जुळला. परीक्षेत मला यावर प्रश्न आला नव्हता. तरीही ते पान पुस्तकात होतं आणि लिहिणाऱ्यानं ते गाळलं नव्हतं, याबद्दल त्या रात्री मला जे वाटलं ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

भाच्याशी हे बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अप्पा बळवंत चौकात गेलो. नवीन आवृत्तीचा पहिला खंड घेतला, दुसरा पहिला संपल्यावर घ्यायचा असं ठरलं. रिक्षात त्यानं पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली २००-३०१, आवृत्ती १.१. गावी जाताना माझं सुटलेलं पुस्तकही मागितलं. म्हटलं, त्यातलं आता फारसं चालत नाही. तो म्हणाला, "मला समास वाचायचाय."

गेल्या रविवारी रात्री त्याचा फोन आला. ओएसपीएफपर्यंत पोचला होता, कॉस्टचा हिशेब करत बसला होता. सिरियलचे ६४ आले होते, फास्ट इथरनेटचा १ आला होता.

"मामा, पण गिगाबिटला भागलं तर ०.१ येतं. एकापेक्षा कमी कॉस्ट नसते म्हणून राउटर १ धरतो, असं दिलंय. मग फास्ट इथरनेटही १ आणि गिगाबिटही १. दहापट फरक आहे, राउटरला तो कळणार कसा?"

"तू पान उलटलंस का?"

"नाही अजून."

"उलट," मी म्हटलं.